सतरा नखांची हत्तीण

सकीना धुळ्यात पांझरा नदीवर गोधड्या धुवायला गेली होती, तेव्हा तिला मेलेली हत्तीण दिसली.

एक्याण्णव सालचा जानेवारी. घरी लग्नाचे पाहुणे येऊन गेले होते, अंथरुणं-पांघरुणं मळली होती, म्हणून शेजारच्या लताबाईंना सोबत घेऊन ती देवपुराकडच्या काठावर आली होती. नदीला पाणी ते किती, घोट्याएवढं. लहान पुलाच्या खालच्या अंगाला मात्र एक डोह होता, आणि त्या डोहात तीन हत्तीणी अंघोळ करत होत्या. गावात गुलबहार सर्कस उतरली होती. रिक्षावर भोंगा लावून दोन दिवस तिची जाहिरात चालली होती. सकीनानं ती ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. सर्कशीचं नाव घरात काढायचं नाही, हा माहेरचा दंडक तिनं सासरीही पाळला होता.

"बघा तरी हो भाभी," लताबाई म्हणाल्या, "म्हशी डुंबाव्या तशा डुंबताहेत."

सकीनानं मान वर केली. दोन हत्तीणी लहानखुऱ्या होत्या. तिसरी थोराड, कपाळावर गुलाबी ठिपके असलेली, पाण्याबाहेर यायला निघाली होती. ओल्या खडकावर पाय देण्याआधी ती थांबली, सोंडेच्या टोकानं खडक दोनदा ठोकला, एक फुंकर मारली आणि मगच पाऊल टाकलं.

सकीनाच्या हातातली धोपटणी तशीच राहिली. तिनं हत्तीणीचा डावा कान बघितला. कानाला खाली एक भोक होतं, आरपार, रुपयाएवढं. त्या भोकातून सकीनानं लहानपणी किती वेळा लाल फीत ओवली होती!

"चंपा," ती म्हणाली.

"कोण चंपा?" लताबाईंनी विचारलं.

सकीना तशीच ओल्या पायांनी चालत गेली. हत्तीणीपासून दहा हातांवर उभी राहून ती खाली वाकली आणि तिनं तिची नखं मोजली. मागच्या पायांना चार आणि चार. पुढच्या उजव्याला पाच. पुढच्या डाव्याला चार. सतरा.

महावत ओरडला, "ए बाई, मागे हो!" तशी ती मागे झाली. गोधड्या तिनं कशाबशा पिळल्या आणि घराची वाट धरली.

सकीनाचे अब्बा सरदार हे महावत होते. त्यांचे वडील एका संस्थानिकाच्या हत्तीखान्यात होते. संस्थानं गेली, हत्ती लिलावात निघाले, आणि हत्तींबरोबर माणसंही ज्या सर्कशीनं घेतली तिथं गेली. सरदार असेच सितारा सर्कशीत आले. त्यांच्या ताब्यात चंपा होती. ती आसामच्या जंगलात पकडलेली. मागच्या पायावर दोराचा वळ होता, तो कधी बुजला नाही. सरदारची बायको सुगराबी सर्कशीच्या रसोईत भाकऱ्या थापायची आणि सकीना दिवसभर चंपाच्या पायांत खेळायची. ती मोजायला शिकली तीही चंपाच्या नखांवर. त्यामुळे सतरापर्यंत तिचं घडघड यायचं आणि पुढं अडायचं. अब्बा हसायचे. म्हणायचे, "चांगल्या हत्तीला अठरा असतात बेटी. ही एक विसरून आली."

सकीना दहा वर्षांची असताना, जळगावच्या मुक्कामात, अब्बा गेले. सकाळी तिला सर्कशीतल्या एका बाईनं गावात नेऊन बसवलं होतं. परत आणलं तेव्हा अब्बांवर पांढरी चादर होती. अम्मीनं तिला जवळ घेऊन दोन वाक्यं सांगितली. "चंपानं तुझ्या बापाला मारलं. मालकानं चंपाला गोळी घातली." नंतर मायलेकी एरंडोलला, सुगराबीच्या माहेरी आल्या. त्या दोन वाक्यांत पुढं अठ्ठावीस वर्षं कोणी भर घातली नाही.

आणि आता ती गोळी घातलेली हत्तीण देवपुराच्या काठावर उन्हात कान हलवत उभी होती.

घरी आल्यावर सकीनानं नवऱ्याला सांगितलं. इसाक स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. हातातला बर्नर खाली ठेवून त्यानं सगळं ऐकून घेतलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि चंपा हे नाव तो पहिल्यांदा ऐकत होता. सासरा अपघातात गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"सारखे दिसणारे हत्ती असतात," तो म्हणाला. "माणसंही असतात."

"आणि कानाचं भोक? नखं?"

"मग जाऊन बघू. दुपारी तीनचा खेळ असतो."

दुसऱ्या दिवशी दोघं खेळाला गेली. सकीनाला वाटलं होतं की तंबूत शिरताच भुशाचा आणि लिदीचा वास येईल आणि आपल्याला रडू कोसळेल. वास आला, रडू आलं नाही. झोपाळेवाले झाले, सायकलवाल्या मुली झाल्या, मग बँड बदलला आणि तिन्ही हत्तीणी आल्या. थोराड हत्तीणीच्या कपाळावर जरीची पट्टी होती. माईकवर तिचं नाव 'राणी' असं सांगितलं गेलं. राणीनं गणपतीच्या तसबिरीला हार घातला, घंटा वाजवली, लोखंडी स्टुलावर चढून चारी पाय एकत्र घेतले आणि एका पायावर तोल धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचे पाय आता सकीनाच्या अगदी समोर होते आणि नखं पांढऱ्या रंगानं रंगवलेली होती. सकीनानं मोजली. पुन्हा मोजली.

"अठरा आहेत," ती इसाकला म्हणाली.

"काय अठरा?"

"नखं. काल सतरा होती."

इसाकनं तिच्याकडे बघितलं. "मग ही ती नाही. संपलं ना?"

पण संपलं कसं? कानाला भोक होतंच. स्टुलावर चढण्याआधी तिनं स्टूल दोनदा ठोकलं होतं. काल आपण चुकीचं मोजलं की आज? सकीनाच्या डोक्यात नुसता गलका झाला. खेळ सुटल्यावर ती गेटाकडे न जाता तंबूच्या मागच्या अंगाला वळली आणि इसाक तिच्या मागं गेला.

मागं केळीचे खांब आणि ऊस रचून ठेवले होते. हत्तीणी खुंट्यांना बांधलेल्या होत्या आणि तिन्ही एका लयीत डुलत होत्या, पुढं-मागं, पुढं-मागं. कालचा महावत केळीचे खांब फोडत होता. चाळिशीचा, बिहारकडचा, बुधन नावाचा. सकीनाला पाहून तो कपाळाला आठ्या घालत उठला. तेवढ्यात बाजेवर बसलेला एक म्हातारा तिच्याकडे टक लावून बघत म्हणाला,

"थांब रे बुधन. बाई, तू सरदारची पोरगी का?"

म्हाताऱ्याचं नाव छगन. तो चाळीसगावकडचा, तंबू उभारण्या-उतरवण्याचं काम त्याच्याकडे. आधी सितारा सर्कशीत होता, ती मोडल्यावर इथं आला. सकीनाला तो आठवत नव्हता. त्याला ती आठवत होती. "तुझं तोंड बापाचंच आहे," तो म्हणाला.

"छगनकाका, ही चंपा आहे का?"

छगननं आधी इकडेतिकडे बघितलं. मग उठून खांद्यावरचा गमछा रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि हत्तीणीच्या पुढच्या डाव्या पायाच्या एका नखावर घासला. पांढरा रंग गमछ्याला आला. खाली नख नव्हतंच, नुसती करडी कातडी होती.

"सतरा नखांची अपशकुनी मानतात. घेत नाही कोणी," तो म्हणाला. "म्हणून विकताना एक रंगवलं. तेव्हापासून दर खेळाला रंगवतात. अंघोळ घातली की धुऊन जातं. कागदावरही अठराच लिहिलीत, आता बदलणार कोण? चंपाची लक्ष्मी झाली, लक्ष्मीची बिजली झाली, मग राणी. तीन सर्कशी बदलल्या तिनं."

सकीनाच्या अंगातून काहीतरी उसळून वर आलं. तो आनंद होता. तिला तो थोपवताच आला नाही. ती हसायलाच लागली, इसाकच्या दंडाला धरून, लहान पोरीसारखी. जिवंत आहे! आणि मग तिला आठवलं की हिनं आपल्या बापाला मारलंय. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि त्याचं काय करावं हे तिला कळेना.

"पण मालकानं गोळी घातली होती ना हिला?"

"झाडली की गोळी. मी तिथंच उभा होतो. आभाळात झाडली." छगन पुन्हा बाजेवर बसला. "तुझी आई सरदारच्या उशाशी बसली होती. म्हणे, ती हत्तीण जिवंत आहे तोवर मी मय्यत उचलू देणार नाही. मग मालकानं तंबूमागं जाऊन एक बार काढला. किमतीचा हत्ती गोळीनं कोण वाया घालवतो? तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढवली आणि बिहारच्या मेळ्यात विकली."

"म्हणजे अम्मीला फसवलं."

"फसवलं ते वेगळ्याच गोष्टीत फसवलं. सरदारला हत्तीणीनं मारलं, हे कोण म्हणतं?"

इसाकच पुढं झाला. "मग कोणी मारलं, काका?"

"पोलनं," छगन म्हणाला. "मधला मोठा पोल. तंबू उतरवत होतो. चंपा साखळीनं पोल सांभाळत होती, सरदार तिच्या बाजूला. दोर कुजका होता. मी मालकाला आठ दिवस आधी सांगितलं होतं. दोर तुटला, पोल आला खाली, सरदार त्याच्याखाली. चंपानं सोंड घालून त्याला ओढून काढलं. तोवर काही उरलं नव्हतं. पण पंचनाम्यात दोर कुजका होता असं लिहिलं तर मालक अडकतो. हत्तीनं मारलं असं लिहिलं तर कोणीच अडकत नाही. मुकं जनावर, काय सांगणार!"

"तुम्ही पाहिलंत?"

"ह्या डोळ्यांनी."

सकीना हत्तीणीजवळ गेली. बुधननं अडवलं नाही. तिनं हात पुढं केला. सोंडेचं ओलं टोक तिच्या तळव्यावरून, मनगटावरून, मानेवरून फिरलं, केसांत शिरलं. सकीनानं डोळे मिटले. आता, तिला वाटलं, आता हिला कळेल. मग सोंड तिला सोडून इसाककडे गेली, त्याचा हात, मान, केस हुंगले, आणि शेवटी त्याच्या सदऱ्याच्या खिशात शिरून बसली.

"ऊस शोधते," बुधन म्हणाला. "सगळ्यांचेच खिसे बघते."

"चंपा," सकीनानं हाक मारली. कान हलले नाहीत. बुधननं "राणी" म्हणताच हत्तीण वळली.

ती रात्र सरताच सकीनानं पहिली जळगावची एस.टी. पकडली आणि एरंडोलला उतरली. सुगराबी साठीला टेकली होती. भावाच्या घरामागच्या खोलीत एकटी राहायची आणि गल्लीतल्या बायकांसाठी पापड-कुरडया करून द्यायची. घरात सगळे हिंदी बोलत, पण सुगराबीचा सारा जन्म खान्देशी बायकांत गेला होता. रागावली किंवा घाबरली की तिच्या तोंडून खान्देशीच यायची.

सकीनानं नदीपासून सगळं सांगितलं. सुगराबी अंगणात पापड वाळत घालत होती. तिचा हात थांबला नाही. बंदुकीचा बार आभाळात काढला होता, हे सकीनानं सांगितलं तेव्हाही थांबला नाही.

"अम्मी, तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"माले ठाऊक शे," सुगराबी म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"ती मरेल नव्हती ते. तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढवली, तेव्हा मी तंबूच्या फटीतून बघत होते. चढत नव्हती. फळी ठोकून ठोकून बघत होती."

म्हणजे आई तीन दिवसांपलीकडे फसलेली नव्हतीच. "मग मला का वाटू दिलंस मेली म्हणून? अठ्ठावीस वर्षं?"

आता सुगराबीनं पापडाची चाळण बाजूला ठेवली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"तू बापसाठे नही रडनी," ती म्हणाली. "तू तिन्हासाठे रडनी. तुझ्या बापाची मय्यत उचलली तेव्हा तू काय विचारलंस मला? चंपाला कुठं पुरलं? जिवंत आहे म्हटलं असतं तर तू तिच्यामागं पळाली असतीस. माझा माणूस तिनं घेतला. पोरगीही द्यायची होती का मी तिला?"

सकीना आईकडे बघत राहिली. ही गोष्ट आपल्याशिवाय कोणालाच माहीत नाही, अशी तिची समजूत होती. बापासाठी आपल्याला नीट रडू आलं नव्हतं, आठवण यायची ती एका जनावराची, याची लाज तिनं एकटीनं सांभाळली होती. आणि अम्मीला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"पण तिनं मारलं नाही म्हणतात," ती हळूच म्हणाली. "छगनकाकांनी पाहिलंय. आधी पोल पडला. तिनं तर त्यांना ओढून काढलं."

"कोन छगन? बठ्ठं खोटं शे!" सुगराबी उसळली. "मन्हा डोयाघाई देखेल शे मी. मी पीठ मळत होते. समोर दिसत होतं. तिनं सोंड घातली, त्याला ओढला, आणि मग पोल पडला. पोल नंतर पडला."

"आधी पडला म्हणतात ते."

"नंतर."

आधी की नंतर, एवढाच फरक होता. सकीनाला वाटलं, एवढ्याशा फरकावर माझं सगळं अडलंय. आधी पडला असेल तर चंपानं माझ्या बापाला वाचवायला धडपड केली. नंतर पडला असेल तर तिनं त्याला मारलं. आणि दोन्ही माणसं छातीवर हात ठेवून सांगताहेत की आम्ही पाहिलं.

परतीच्या गाडीत तिनं ठरवलं की आता पुरे. पण धुळ्यात उतरल्यावर तिचे पाय घराकडे न वळता मैदानाकडेच गेले. पुढचे चार दिवस ती रोज दुपारी जाऊ लागली. कधी ऊस नेई, कधी नुसतीच उभी राही. बुधननं एकदा तिला विचारलं, "बाई, तुम्हाला हिच्याकडून काय पाहिजे?" ऊस देताना तिला वाटे, बापाच्या मारेकरणीला चारतेय मी. न देता परतली तर वाटे, जिनं बापाला ओढून काढलं तिला उपाशी ठेवून आले. इसाक एकदा जेवताना म्हणाला, "दोघं खरं बोलत असतील तर?"

"दोघं कसं?"

"ते मलाही कळत नाही," तो म्हणाला.

सर्कशीचा शेवटचा खेळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दारात रिक्षा थांबली आणि सुगराबी उतरली. हातात एक पिशवी. न कळवता ती अशी कधी आली नव्हती. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "चाल. कोठे शे ती?"

मैदानावर आवराआवर चालली होती. खुर्च्या ट्रकवर चढत होत्या, कनाती गुंडाळून पडल्या होत्या, मधला मोठा तंबू मात्र अजून उभा होता. सुगराबी पदर घट्ट आवळून हत्तीणीसमोर उभी राहिली, वीस हात लांब. बराच वेळ तिनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"हाई ती नही," ती म्हणाली.

"अम्मी!" सकीनानं तिचा हात धरला. "कानाचं भोक बघ. नखं मोज."

"नखं मोजीसनी काय व्हस? ती केवढी होती! डोंगराएवढी. ही तर म्हातारी झालेली आहे, पाय सुजलेत. ही ती नाही."

सकीनाला हसावं की रडावं कळेना. आई खरंच ओळखत नव्हती, की ओळखायचं नव्हतं? सुगराबीच्या डोळ्यांत तर काहीच दिसत नव्हतं, नुसता एक गोंधळलेला चिडकेपणा होता, बाजारात चुकीच्या दुकानात शिरल्यासारखा. तिनं बुधनला विचारलं, "तुला काही करते का ही?"

"एकदा हात मोडला होता," बुधननं मनगट दाखवलं. ते वाकडं जुळलं होतं. "उन्हाळ्यात, बीडकडे. दिवसभर पाणी मिळालं नव्हतं हिला. माझीच चूक."

"अन् तू मारतोस तिला?"

बुधनच्या कमरेला अंकुश खोचलेला होता. त्यावर त्याचा हात गेला. "मारावं लागतं, अम्मा. न मारता कोण स्टुलावर चढेल?"

सुगराबी वळली आणि बाजूला पडलेल्या कनातीवर बसली. सकीनाही बसली. मग सुगराबी खालच्या आवाजात बोलू लागली, आणि आता ती घरच्या हिंदीत बोलत होती.

"त्या सकाळी तुझ्या बापानं तिला फार मारलं होतं. कानामागं. पोलजवळ जायला तयार नव्हती. सोंडेनं दोर चाचपायची आणि मागं सरायची. हा म्हणायचा, हट्टाला पेटली. रक्त येईपर्यंत मारलं, तेव्हा गेली."

"दोर कुजका आहे हे तिला कळलं होतं?"

"मला काय माहीत? तेव्हा कोणी म्हटलंच नाही, दोर कुजका आहे म्हणून. तू आता सांगतेयस."

सकीनाला अब्बा आठवत होते ते चंपाला विटेनं घासताना, गाणं गुणगुणताना, तिच्या पायावर गाल टेकून बिडी पिताना. त्यांच्या झोपायच्या जागी खुंटीला अंकुश टांगलेला असायचा. टोक धारदार आहे म्हणून तिला हात लावू द्यायचे नाहीत. तो असतो कशाला, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता त्या आठवणीतही तिला बसायला जागा राहिली नाही. तिनं चंपाकडे बघितलं. कानामागं जुने-नवे, वाळलेले वळ होते. त्यांतले कोणते बापाचे, हे कोण सांगणार?

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मेलेल्या माणसाचं असं सांगतात का?" सुगराबी म्हणाली.

तेवढ्यात छगनची शिट्टी वाजली. पोल उतरवायची वेळ झाली होती. बुधननं राणीच्या गळ्यातल्या पट्ट्याला साखळी अडकवली आणि तिला तंबूच्या मध्यावर नेलं. कापड आधीच खाली सोडलं होतं. आता नुसता पोल उभा होता, चारी बाजूंनी दोरांनी ताणलेला. सकीना उठून उभी राहिली. सुगराबीही उठली. तिची बोटं सकीनाच्या मनगटात रुतली.

राणीनं जमीन दोनदा ठोकली. बुधननं हाळी दिली, तशी ती एक पाऊल मागं आली, मग दुसरं. पोल कलला. माणसांनी दोर सैल सोडले, छगन ओरडून सांगत होता, आणि पोल हळूहळू आडवा होऊ लागला. बुधन हत्तीणीच्या पलीकडच्या अंगाला गेला आणि दिसेनासा झाला. फक्त करडी पाठ दिसत होती. ती पाठ एकदम हलली, सोंड कशाकडे तरी वळली, धूळ उडाली, कोणीतरी ओरडलं. मग पोल धप्प करून जमिनीवर टेकला आणि बुधन साखळी गोळा करत पलीकडून बाहेर आला. राणीनं सोंडेत त्याचा पडलेला गमछा धरला होता. त्यानं तो घेतला आणि खांद्यावर टाकला.

"तू काय पाहिलंस?" सुगराबीनं विचारलं.

"पोल उतरला."

"आणि तो माणूस?"

"हत्तीणीच्या आड गेला होता. मग बाहेर आला."

"मधे?"

"मधलं नाही दिसलं मला, अम्मी. तुला दिसलं?"

सुगराबी चारी बाजूंना बघू लागली, काहीतरी हरवल्यासारखी. "त्या दिवशी जळगावला रसोई ह्या अंगाला नव्हती," ती म्हणाली. "त्या अंगाला होती. तिथून दिसत होतं." आणि ती चालू लागली. दोर ओलांडत, खुंट्या चुकवत, उतरलेल्या पोलला वळसा घालून ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून मागं वळून उभी राहिली. सकीना तिच्यामागं गेली, तिच्या शेजारी उभी राहिली.

समोर बुधन तिन्ही हत्तीणींना मालेगावच्या रस्त्याला लावत होता. पोलचा खड्डा दोन माणसं फावड्यानं बुजवत होती. सुगराबी डोळ्यांवर हात धरून त्या खड्ड्याकडे बघत होती, आणि सकीना आईच्या तोंडाकडे.